जोहार

'दलित-आदिवासी' हा जोडशब्द आपल्या भाषणांत कायम असतो. मधली ती आडवी रेघ खरी केवढी लांब आहे ते बघावं म्हणून जानेवारीत मी गिरणीतून तीन दिवसांची रजा टाकली (बिनपगारी, दुसरी कुठली मिळणार) आणि सायकल काढली. भिवंडी, वाडा, विक्रमगड, जव्हार, पुढं मोखाड्याकडं. एकटाच.

एकट्यानंच जावं. चौघं मिळून गेलं की पाड्यावर सतरंजी टाकतात, सभा समजतात. जीपनं गेलं की साहेब. सायकलवाल्याला कुणी काही समजत नाही. जव्हारच्या चढाला माझी बिनगिअरची सायकल ढकलावीच लागली. डोक्यावर फाटी घेतलेल्या बाया आणि मी एकाच चालीनं वर चढत होतो. एकीनं विचारलं, "काय इकाया आणलास?" काही नाही म्हणलं तर ती हसायलाच लागली. ज्याला विकायचं नाही, वसूल करायचं नाही, असा परका माणूस तिकडं येतो कशाला?

पाडे निम्मे रिकामे. कारवीच्या कुडाची सारवलेली घरं, दाराला काटेरी फांदी. मागं म्हातारी माणसं, शेळ्या, बारकी पोरं. दिवाळीनंतर मुकादम बयाणा देऊन माणसं उचलतो, ती पावसाच्या तोंडाला परत येतात. जातात कुठं? वाडा, वसई, भिवंडी. म्हणजे ज्यांना भेटायला मी डोंगर चढलो ती माझ्याच खोलीच्या मागल्या अंगाला विटा थापत बसलेली.

एका पाड्यावर आश्रमशाळेत बारावी झालेला पोरगा भेटला. मूठ वर करून म्हणाला, "जोहार!"

माझ्या पाठीत कळ गेली. दोस्तहो, हा शब्द आपल्याकडं कसा होता ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. माझा पणजा साताऱ्याकडं महारकी करायचा. पाटलापुढं कमरेत वाकून, भुईला हात लावून जोहार घालायचा. चोखोबाला देवापुढंही हाच शब्द. बाबासाहेबांनी १९२८ साली वतनाचं बिल कौन्सिलात मांडलं, वतन मोडायचा कायदा यायला १९५८ उजाडलं. शब्द मात्र आपण त्याच्या आधीच थुंकून टाकला आणि जय भीम म्हणायला लागलो.

आणि हा पोरगा तोच शब्द ताठ मानेनं म्हणतो! "आमी धरतीला जोहार करतो, नि एकमेकाला. सावकाराला नाय."

सावकारानं काय केलं ते गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या १९७० च्या पुस्तकात आहे. मी ते फुटपाथवर रद्दीच्या भावात घेतलं. लग्नासाठी कर्ज काढलं की नवराबायको दोघं जन्मभर सावकाराच्या दारात राबणार, त्याला लग्नगडी म्हणायचे. १९४५ ला वारली उठले. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड त्यात गेला. आपल्या एकाही कॅलेंडरावर ही तारीख मी बघितली नाही.

मी जय भीम म्हणलं. जोहार म्हणलं नाही. जीभ वळंना, आणि मी वळवलीही नाही. का ते त्याला सांगितलं, पणज्यापासून सगळं. त्यानं नागलीच्या भाकरीचा तुकडा मोडत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते ऱ्हाऊ दे. तुला हिशेब येतो का?"

त्याचे आईबाप ज्या भट्टीवर आहेत तिथं बयाणा फिटतच नाही. आठवड्याची खर्ची कापतात, विटा किती पाडल्या ते मुकादमाच्या वहीत. वेठबिगार बंद करणारा कायदा १९७६ चा आहे म्हणलं, तर त्यानं नाव आणि साल लिहून घेतलं.

ती भट्टी माझ्या खोलीपासून सायकलनं अर्ध्या तासावर आहे. आता दर रविवारी जातो. विटा मोजायच्या, खर्ची लिहायची, मुकादमाच्या वहीशी ताडून बघायची. दोन आठवडे आकडे जमले नाहीत. मी सातवीपर्यंत शिकलेला, गुणाकार पक्का आहे, व्याजापाशी गाडी अडते. ज्याला येतं त्यानं यावं. सायकल नसली तर डबलसीट नेईन.