सर, लीलाबाईंना कळत कसं नाही?

मुलांनो, 'अशी ही बनवाबनवी' हा सिनेमा कुणी कुणी पाहिलाय? सगळ्यांचे हात वर! वाटलंच होतं मला.

हा सिनेमा आला १९८८ साली. तेव्हा माझाही जन्म झाला नव्हता. तरी मला तो तोंडपाठ आहे आणि तुमच्या आई-बाबांनाही असणार. पुण्यात चौघांना राहायला जागा हवी असते. लीलाबाई काळभोर जागा द्यायला तयार असतात, पण फक्त नवरा-बायकोंना. मग काय! दोघं होतात नवरे आणि दोघं चक्क बायका. सचिन होतो सुधा, लक्ष्मीकांत बेर्डे होतो पार्वती आणि अशोक सराफ या पार्वतीचा नवरा! पुढं जो गोंधळ उडतो तो सांगण्यात मजा नाही, पाहण्यात आहे.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. शनिवार होता, दप्तराविना शाळेचा दिवस. मैदानात नुसता चिखल. मी मुख्याध्यापकांना विचारलं, "सर, मुलांना सिनेमा दाखवू का?" ते म्हणाले, "दाखवा, पण सगळ्यांनी मिळून बघण्यासारखा असू द्या." मग काय, प्रोजेक्टर लावला, खिडक्यांना सतरंज्या बांधल्या आणि पहिली ते चौथीची सगळी पोरं एका वर्गात दाटीवाटीनं बसली. खिचडी शिजवणाऱ्या मावशी "पाच मिनिटं बघते" म्हणून दारात टेकल्या, त्या करपल्याचा वास येईपर्यंत उठल्या नाहीत.

मी हा सिनेमा इतक्यांदा पाहिलाय, की त्या दिवशी पडद्याकडं पाठ करून मुलांकडंच बघत बसलो. काय सांगू तुम्हाला! चौथीतली पोरं नटांच्या आधीच संवाद म्हणत होती. तिसरीतल्या मुली पार्वतीकडं बघून एकमेकींना सांगत होत्या, "असा कुणी पदर घेतं का गं!" पहिलीतलं एक पिल्लू तर उभं राहून लीलाबाईंना ओरडून सांगायला लागलं, "आजी, अहो ती बाई नाय, बाप्या हाय!" सगळा वर्ग फुटला. पार्वतीच्या डोहाळजेवणाला तर मुख्याध्यापकांनाही चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

तेवढ्यात एकीनं विचारलं, "सर, लीलाबाईंना कळत कसं नाही?"

मी म्हटलं, "त्यांना कळलं असतं तर सिनेमा पाच मिनिटांत संपला असता की!" पण प्रश्न खरंच छान होता. गुपित आपल्याला ठाऊक असतं, त्यांना नसतं. आता बिंग फुटेल, मग फुटेल, अशी आपल्याला धाकधूक वाटते. तीच हसू होऊन बाहेर पडते.

सोमवारी मात्र माझं हसू मावळलं.

चौथीत एक मुलगा आहे. नाव सांगत नाही. आवाज बारीक, चाल हळुवार. बोलताना हात हलवायची सवय. रांगोळी अशी काढतो, की बघत राहावं. हजेरी घेताना तो "हजर सर" म्हणाला आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "पार्वती हजर!"

वर्ग हसला. आणि खरं सांगतो, क्षणभर माझ्याही ओठांवर हसू आलं. ते त्याला दिसलं.

मंगळवारी तो आला नाही. बुधवारीही नाही. संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. आई म्हणाली, "पोट दुखतंय म्हणतो, सर." तो आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडला होता. मी म्हटलं, "उद्या ये रे. एक गंमत आहे."

गुरुवारी मी बायकोची जुनी साडी पिशवीत घालून नेली आणि वर्गात पँटवरच गुंडाळली. दोन पावलं टाकली, पदर खिडकीच्या कडीत अडकला आणि मी धप्पकन खुर्चीत! पोरं हसून हसून लोळायची बाकी राहिली. म्हटलं, "आता मला म्हणा पार्वती." म्हणाली की! मला वाटलं, झालं काम. त्याची थट्टा मी माझ्या अंगावर घेतली.

पण तो हसत नव्हता.

मधल्या सुट्टीत साडीची घडी घालायला तो आपणहून आला. दुसरं टोक धरलं. घडीवर घडी पडत गेली. मग खाली बघतच म्हणाला, "सर, तुम्ही साडी सोडली की झालं. सिनेमातल्यांचं पण तसंच. मी माझा आवाज कुठं काढून ठेवू?"

याचं उत्तर डी. एड.ला कुठल्याच तासाला शिकवलं नव्हतं.

मी म्हटलं, "काढून ठेवायचा नाही. तो तुझा आहे. चूक माझी झाली. सोमवारी मी हसायला नको होतं."

सुट्टीनंतर हेच मी सगळ्या वर्गासमोर बोललो. सोंग आपल्याला हसवण्यासाठीच आणलेलं असतं, त्याला खुशाल हसावं. पण कुणाचा आवाज, कुणाची चाल म्हणजे सोंग नव्हे. तो माणूसच तसा असतो, आणि त्यात चूक काहीच नसतं.

मागच्या बाकावरचा तोच आवाज म्हणाला, "म्हणजे आता सिनेमाला हसायचं नाही का, सर?"

"हस की! पोट दुखेपर्यंत हस. फक्त पोट आपलं दुखायला हवं, दुसऱ्याचं नाही."

त्या दिवसापासून सगळं बदललं असं म्हणणार नाही. मैदानावर ते नाव अजून कधीतरी ऐकू येतं. पण आता पाठोपाठ कुणीतरी "ए, गप रे!" असंही म्हणतं. आणि हजेरीला तो 'हजर' म्हणतो, तेव्हा मी मान वर करून त्याच्याकडं बघतो.

मुलांनो, हा सिनेमा पुन्हा लागेल, तेव्हा जरूर बघा. पोटभर हसा. फक्त एक करा. मध्येच पडद्यावरची नजर काढून शेजारी बसलेल्याकडंही बघा. तोही हसतोय ना?