सात फूट दोन इंच

घरात उंच मुलगा असला म्हणजे त्याचे कौतुक चौकटीला डोके आपटेपर्यंतच टिकते. आई दृष्ट काढते, वडील पँटच्या कापडाचा हिशेब करतात आणि शेजारच्या काकूंना त्याच्या जोडीला मुलगी कुठून मिळणार ही चिंता लागते. त्या उंचीचे पुढे करायचे काय, हे मात्र कोणी सांगत नाही.

आमच्या कॉलेजात असाच एक ताडमाड विद्यार्थी आहे. सोलापूरच्या पूर्व भागातला. घरी तेलुगू, गल्लीत कन्नड, वर्गात मराठी आणि मैदानावर हिंदी. बास्केटबॉल बरा खेळतो. त्याचे वडील यंत्रमागावर काम करतात. मध्यंतरी ते मला भेटायला आले आणि म्हणाले, "सर, चेंडू जाळीत टाकून पोट भरतं का हो?"

मराठीच्या प्राध्यापकाला हा प्रश्न विचारावा, यातच त्यांचा चांगुलपणा दिसतो. "मराठी शिकून पोट भरतं का?" असेही ते विचारू शकले असते! मी त्यांना मुतोंबोची गोष्ट सांगितली.

डिकेंबे मुतोंबो १९६६ साली आफ्रिकेत काँगोची राजधानी किन्शासा येथे जन्मला. उंची सात फूट दोन इंच. १९८७ साली, एकविसाव्या वर्षी, तो अमेरिकेत वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात गेला, तो मात्र चेंडूसाठी नव्हे. अमेरिकन सरकारच्या मदतसंस्थेची शिष्यवृत्ती होती आणि त्याला व्हायचे होते डॉक्टर. इंग्रजी जेमतेम येत होते. पण असला देह वसतिगृहात लपतो थोडाच? जॉन थॉम्पसन या तिथल्या प्रशिक्षकाने त्याला संघात ओढले.

हा थॉम्पसन मोठा मजेदार माणूस. त्याच्या कचेरीत हवा गेलेला एक बास्केटबॉल ठेवलेला असे. उद्या हा चेंडू असा बसला, म्हणजे तुमच्याजवळ काय उरेल, हे पोरांनी रोज डोळ्यांनी पाहावे म्हणून! एखाद्या कीर्तनकाराला सुचावा असा हा दृष्टान्त.

मुतोंबोने तो मनावर घेतलेला दिसतो. वैद्यकाचा नाद सुटला, पण अभ्यास सुटला नाही. १९९१ साली तो पदवी घेऊनच बाहेर पडला. विषय भाषाशास्त्र आणि राजनय. फ्रेंच, इंग्रजी, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि आफ्रिकेतल्या पाच अशा नऊ भाषा त्याला येत. आमच्या विद्यार्थ्याच्या चार येतात हे मी वडिलांच्या नजरेस आणून दिले. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे शिकणं सोडलं नाही त्यानं." एवढ्या लांबलचक गोष्टीतून त्यांनी नेमके तेवढेच उचलले, आणि मला वाटते, बरोबर उचलले.

पुढे धंदेवाईक संघांतून तो अठरा हंगाम खेळला. त्याची ख्याती गुण मिळवण्याची नव्हे, गुण अडवण्याची. जाळीकडे निघालेला चेंडू वरच्या वर थोपटून परतवायचा आणि मग तर्जनी डावीउजवीकडे हलवायची: अंहं, चालायचे नाही! वात्रट पोराला मास्तर जसे खुणावतो, अगदी तसे. असे ३२८९ चेंडू त्याने अडवले. अमेरिकेच्या त्या प्रमुख स्पर्धेत त्याच्यापुढे एकच नाव आहे, नायजेरियाहून ह्यूस्टनच्या विद्यापीठात आलेल्या हकीम ओलाजुवानचे.

परंतु एक गोष्ट त्याला अडवता आली नाही. किन्शासात दंगलीचे दिवस होते, रस्ते बंद होते. त्याची आई आजारी पडली, तिला वेळेवर इस्पितळात नेता आले नाही आणि ती गेली. लेक परदेशी नामांकित आणि आई औषधाविना! परगावी मुलगा असलेल्या कोणत्याही घराला हे दुःख समजावून सांगायला नको.

मुतोंबोने त्याच शहरात तीनशे खाटांचे इस्पितळ उभारले आणि त्याला आईचे नाव दिले: बियाम्बा मारी मुतोंबो. सुमारे दीड कोटी डॉलर स्वतःचे घातले. २००७ साली तिथे रोगी येऊ लागले. दोन वर्षांनी गुडघा दुखावून त्याचा खेळ संपला. चेंडूतली हवा गेली. २०२४ च्या सप्टेंबरात मेंदूतल्या गाठीने तोही गेला, अवघ्या अठ्ठावन्नाव्या वर्षी.

सोलापूरकराला अशा वेळी डॉक्टर कोटणीस आठवल्याशिवाय राहत नाहीत. आमच्या गावचा हा मुलगा १९३८ साली डॉक्टर म्हणून चीनला गेला आणि १९४२ साली, बत्तिसाव्या वर्षी, परक्यांची सेवा करता करता तिथेच मिटला. मुतोंबो डॉक्टर व्हायला गेला, झाला खेळाडू, आणि परतताना गावासाठी इस्पितळ घेऊन आला. वाटा किती निराळ्या!

सगळ्या उंच मुलांना जॉर्जटाउन भेटत नाही, हे मलाही कळते. शंभरांतल्या नव्व्याण्णवांचा चेंडू इथेच, आमच्या धुळीच्या मैदानावर कधीतरी बसणार. म्हणून त्यांनी खेळूच नये असे मात्र मी म्हणणार नाही. भरलेला चेंडू हाती आहे तोवर त्यांनी मनसोक्त उड्या माराव्यात. फक्त संध्याकाळी घरी येऊन दिवा लावावा आणि पुस्तकही उघडावे.