एक माणूस, एक बोट आणि दोन तासांची रांग

कसबा पेठ म्हणजे पुण्याचा सर्वांत जुना भाग. लाल महाल, कसबा गणपती, तांबट आळीतली ठोकाठोक, कुंभारवाडा, शेख सल्ल्याचा दर्गा, सारे चालत जाण्याच्या अंतरावर. पलीकडे मुठा नदी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा हीच नदी पेठेत शिरली होती. त्यामुळे आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना पाण्याची मौज असते हे अजून पटत नाही. पोरांना मात्र पाणी म्हटले की उड्या मारायच्या असतात. आता तर २०२४ च्या सप्टेंबरपासून कसबा पेठेच्या पोटातून भुयारी मेट्रो धावते आणि मुले स्टेशनचे सरकते जिने पाहून म्हणतात, "आता एकदा खऱ्या राईडवर बसवा!"

या हट्टातूनच गेल्या मे महिन्याची सहल निघाली. वस्तीतल्या भगिनींनी आठ महिने भिशी लावली. कुणी धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या, कुणी दवाखान्यात आया, कुणी महापालिकेच्या झाडणकामात. पैसा जमला आणि कुठे जायचे यावर दोन रविवार चर्चा झाली. गोराईचे नाव आधी निघाले. तिथे २००९ साली खुला झालेला विपश्यना पॅगोडा आहे. खांबाशिवाय उभा असलेला तो प्रचंड घुमट आमच्यातल्या पुष्कळांनी पाहिलेला आहे. पॅगोड्याच्या शेजारीच १९८९ पासून एस्सेलवर्ल्ड होते आणि १९९८ साली त्याच्या जोडीला वॉटर किंगडम आले. त्यांची टीव्हीवरची जाहिरात एके काळी घराघरांत पाठ होती. पण एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्ये बंद झाले, आणि लहान मुले घेऊन आगगाडी, बस, मग खाडीवरची फेरीबोट हे एका दिवसात झेपणारे नव्हते. म्हणून पुण्याहून बसने दोन-अडीच तासांवरचे, समुद्राच्या देखाव्याचे एक उद्यान ठरले. त्याचे नाव इथे लिहीत नाही. जे सांगायचे आहे ते एकाच उद्यानापुरते नाही, हेही त्याचे एक कारण आहे.

पहाटे साडेपाचला शनिवारवाड्यापाशी बस उभी राहिली. एकेचाळीस माणसे, त्यांत सतरा मुले. डबे, पाण्याच्या बाटल्या, एका आजींची चटई. दहा वाजता आम्ही उद्यानाच्या दारात होतो. दार देवमाशाच्या उघड्या जबड्यासारखे केलेले, आत शिरताना अंगावर तुषार पडतात. मुले हरखली. आजींनी जबड्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "आत घेतोय खरा, बाहेर सोडील ना?" आमचे डबे मात्र जबड्याबाहेरच राहिले, बाहेरचे खाणे आत चालत नाही. ते गाऱ्हाणे नवे नाही, म्हणून पुढे जातो.

आत गेल्यावर सगळ्यांचे डोळे एकाच राईडकडे. उंच चढणीवरून बोट वर ओढली जाते, वरून वळणे घेत खाली येते आणि खालच्या तळ्यात आपटते, तेव्हा काठावरच्या माणसांनासुद्धा भिजवते. रांग लांब होती, पण आम्हाला वाटले, बोटीत सोळा माणसे बसतात, रांग सरकेल. रांग सरकली नाही.

आम्ही पेशाने कारकून. खोळंबा झाला की आमचे डोळे हिशेबाकडे वळतात. घड्याळ काढून फेऱ्या मोजल्या. बोट सुटल्यापासून परत येईपर्यंत चार मिनिटे. मग उतरणारे उतरायचे, नवे बसायचे, प्रत्येकाच्या मांडीवर लोखंडी दांडा खाली यायचा, तो ओढून तपासायचा, फाटक लावायचे, मग बटण. या सगळ्याला सहा मिनिटे. म्हणजे दहा मिनिटांना एक फेरी, तासाला सहा फेऱ्या, शहाण्णव माणसे. आमच्यापुढे सुमारे एकशेचाळीस माणसे होती.

फलाट जवळ आला तशी खरी गोष्ट दिसली. जमिनीवर पिवळ्या रंगाने तीन गोल काढलेले होते: एक बोटीच्या पुढच्या टोकाशी, एक मागच्या टोकाशी आणि एक बटणांच्या टेबलापाशी. तीन माणसांच्या उभे राहण्याच्या जागा त्या. माणूस एकच होता. विशी-बावीशीचा पोरगा, निळा शर्ट, पायात ओले बूट. तो पुढचे दांडे तपासायचा, मग मागचे, मग फाटक, मग टेबलाकडे जाऊन बटण, मग परत फाटक. बाजूच्या रुळावर दुसरी बोट ताडपत्रीखाली झाकलेली होती. पाटी होती, 'देखभालीसाठी बंद'.

तीन गोलांवर तीन माणसे असती तर काय झाले असते? बसवणे-उतरवणे सहाऐवजी दोन मिनिटांत झाले असते. दुसरी बोट चालू असती तर एक फेरीवर असताना दुसरी भरली असती. मग दर तीन मिनिटांना एक बोट सुटते. तासाला वीस फेऱ्या, तीनशेवीस माणसे. आमचा नंबर अर्ध्या तासाच्या आत लागला असता. प्रत्यक्षात दीड तासाचा हिशेब निघत होता, आणि तोही चुकणार होता, कारण शेजारून दुसरी एक रांग येत होती.

ती कूपनवाल्यांची. तिकिटावर आणखी पैसे भरले की वेगळ्या दाराने थेट फलाटावर. प्रत्येक बोटीत चार जागा त्यांच्या. म्हणजे साध्या रांगेला सोळातल्या बाराच उरल्या, तासाला बहात्तर माणसे, आणि आमचे दीड तासाचे जवळजवळ दोन तास झाले. मालकाने दोन माणसांचा पगार वाचवला, त्यामुळे रांग वाढली. रांग वाढली म्हणून कूपन खपले. तोटा झाला तो साध्या रांगेचा. पाण्यापाशी कोण आधी आणि कोण मागे, हा प्रश्न आपल्या वाचकांना कुणी समजावून द्यायला नको. १८६८ साली जोतिराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ते गंज पेठेतले घर आमच्या कसब्यापासून चालत अर्ध्या तासाच्या आत आहे. दोन्हींची तुलना नाही. इथे जात विचारत नव्हते, खिसा विचारत होते. पण रांगेत उभ्या असलेल्या एका मुलाने आपल्या आईला, "ते आपल्यापुढे का गेले?" असे विचारले, तेव्हा त्या माउलीला उत्तर सुचेना.

रांगेत संताप वाढत गेला आणि तो सगळा त्या पोरावर निघू लागला. "अरे, हात चालव की!" "झोपलास का?" एक जण तर शिट्ट्या मारत होता. आमच्यात एक काका पीएमटीत कंडक्टर होते; पीएमपी होण्याच्या आधी, २००७ पूर्वीच निवृत्त झालेले. ते मागे वळून त्या शिट्टीवाल्याला म्हणाले, "भाऊ, मी बत्तीस वर्षे डबल बेल दिली. शेवटचा माणूस आत आला हे पाहिल्याशिवाय कधी दोरी ओढली नाही. इथं ड्रायव्हर तोच, कंडक्टर तोच, चेकरही तोच. हा घाईत राहिला तर पडणार आपण." शिट्टी थांबली. रांगेत हे बोलणे पुढे पुढे गेले आणि काही बायाबापड्यांनी त्या पोराला पाण्याची बाटली पुढे दिली. त्याने दोन घोट घेतले आणि पुन्हा दांडे ओढू लागला.

आमचा नंबर आला तेव्हा मात्र एक वाईट गोष्ट झाली. आमच्यातल्या एका ताईंची नऊ वर्षांची मुलगी सर्वांत पुढे होती. फलाटावर उंचीची पट्टी होती, एकशेवीस सेंटिमीटर. मुलगी दोन बोटे कमी भरली. खरे तर ही पट्टी रांगेच्या तोंडाशी हवी, म्हणजे लहान मुलांचा वेळ आणि मन दोन्ही मोडत नाही. पण रांगेच्या तोंडाशी उभे राहायला माणूसच नव्हता. दोन तास उभी राहिलेली ती पोर रडू लागली. आजूबाजूचे लोक म्हणाले, "दोन बोटांनी काय होतंय? बसू दे तिला." कूपनवाल्यांपैकीही एक गृहस्थ तसेच म्हणाले. पोरगा ताईंकडे पाहून हळूच बोलला, "ताई, दांडा तिच्या मांडीवर बसणार नाही. वरून येताना ती उचलली जाईल. मला शिव्या द्या, पण बसवणार नाही." ताईंनी मुलीला कडेवर घेतले आणि त्या स्वतःही बसल्या नाहीत.

आम्ही बसलो. चार मिनिटे छान गेली, हेही लिहायला हवे. वरून आसपासचे डोंगर दिसतात, पोटात गोळा येतो आणि खाली आपटल्यावर सगळे हसतात. आमच्या कंडक्टर काकांनी चष्मा खिशात ठेवला नव्हता, तो तळ्यात गेला.

दुपारी तासभर ती राईड बंद ठेवली, कारण त्या पोराच्या जेवणाच्या सुट्टीत बदली माणूस नव्हता. तो झाडाखाली डबा खात होता तेव्हा आम्ही जवळ जाऊन बसलो. जवळच्याच गावचा, बारावी झालेला, ठेकेदाराच्या पटावर. "दुसरी बोट मोडली आहे का रे?" असे विचारले. तो म्हणाला, "काका, बोट चांगली आहे. माणूस नाही. मार्चमध्ये आम्ही तिघे होतो. एक जण कारखान्यात लागला, एकाला दुसऱ्या राईडवर नेला." दिवसाला किती दांडे ओढत असशील? तो हसला. आम्ही मनात गुणाकार केला: तासाला शहाण्णव, सात तास, जवळजवळ पावणेसातशे. त्यातला एकही राहून चालत नाही.

असे काही राहिले की काय होते, याची उदाहरणे जगात आहेत. ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला ड्रीमवर्ल्ड नावाचे मोठे उद्यान आहे. २५ ऑक्टोबर २०१६ रोजी तिथल्या पाण्यातल्या तराफ्यांच्या राईडवर चार माणसे मेली. पाणी ढकलणारा पंप त्या दिवशी आधी दोनदा बंद पडला होता. तिसऱ्यांदा पडला, पाणी उतरले, एक तराफा अडकला आणि मागून दुसरा येऊन आदळला. सारे काही एकदम थांबवणारे एकच बटण नव्हते. राईड चालवणाऱ्या दोन माणसांवर एकाच वेळी कितीतरी गोष्टींवर नजर ठेवण्याचे ओझे होते, आणि त्यांतल्या एका मुलीचा त्या जागेवरचा तो पहिलाच दिवस होता. चौकशीत दोष कंपनीच्या व्यवस्थेचा ठरला आणि २०२० मध्ये छत्तीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला. आपल्या शेजारी, वडोदऱ्याच्या हरणी तलावात, १८ जानेवारी २०२४ रोजी सहलीची बोट उलटून बारा शाळकरी मुले आणि दोन शिक्षिका बुडाल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. "आता पुरे, पुढच्या फेरीला या," असे ठामपणे म्हणणारा एक माणूस धक्क्यावर हवा होता.

माणसे कमी करण्याचा हा धंदा केवळ आपल्याकडचा नाही. समुद्री उद्यानांत जगात सर्वांत प्रसिद्ध असलेले अमेरिकेतले सीवर्ल्ड, ज्याचे पहिले उद्यान १९६४ साली सॅन दिएगोला उघडले, त्याने २०२० च्या करोनात दारे बंद होताच नव्वद टक्क्यांहून अधिक कामगार बिनपगारी घरी बसवले होते. तेव्हा निदान उद्यानेच बंद होती. दारे उघडी, तिकिटे पूर्ण दराची आणि माणसे तिघांऐवजी एक, हे त्याहून वेगळे आहे. राईडचे लोखंड एकदाच विकत घ्यावे लागते, माणसाचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. म्हणून काटकसरीची कात्री आधी माणसावर चालते. आम्हाला पेशवे पार्कातली फुलराणी आठवते. १९५६ साली सुरू झालेली ती मुलांची छोटी आगगाडी. आमच्या लहानपणी तिथे गाडी हाकणारा वेगळा, तिकीट देणारा वेगळा आणि मुलांचे हात आत आहेत का ते पाहणारा वेगळा असे. खेळण्यातली गाडी, वेग तो काय! तरी तीन माणसे.

सहलीला जाणाऱ्या भगिनींसाठी दोन गोष्टी. तिकीट घेण्याआधी खिडकीवर विचारावे, "आज कोणकोणत्या राईड चालू आहेत, आणि उंचीची अट काय?" मुलांची उंची घरीच मोजून न्यावी. तिकीट आणि पाट्यांचे फोटो जपून ठेवावेत. सेवेत कसूर झाली असे वाटले तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, उद्यानाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी लागत नाही.

परत आल्यावर पुढच्या रविवारी आम्ही उद्यानाच्या व्यवस्थापनाला पत्र लिहिले. एका तरुणाच्या मसुद्यात 'संथ व बेफिकीर कर्मचारी' असे शब्द होते. कंडक्टर काकांनी ते नव्या चष्म्यातून वाचले आणि पेनाने खोडले. पत्रात फेऱ्यांचा हिशेब आहे आणि तीन मागण्या आहेत: प्रत्येक फलाटावर ठरलेली माणसे, उंचीची पट्टी रांगेच्या तोंडाशी, आणि किती वेळ लागेल त्याचा फलक तिकीट खिडकीवर. शेवटी लिहिले आहे की त्या दिवशी फलाटावरच्या कामगाराने एका लहान मुलीला बसू दिले नाही, ते योग्य केले. त्याचे नाव घातलेले नाही. स्तुतीनेही कधी कधी ठेकेदाराच्या माणसाची नोकरी जाते. चोवीस सह्या झाल्या. नऊ वर्षांच्या मुलीने आपलीही सही हवी म्हणून हट्ट धरला, तेव्हा पंचविसावी तिची झाली. पत्र स्पीड पोस्टाने गेले, पोच आली आहे. उत्तराची वाट पाहतो आहोत.