सराफाची खूण

सोलापूरला उद्यान एक्स्प्रेसमध्ये चढलो तेव्हा खिशात बटरपेपरची पुडी होती आणि पुडीत बहुधा बहमनी काळातलं एक नाणं, चांदीचा टंका. चांदीच्या मोडीत पडलेला होता. काठाला छिन्नीचे दोन घाव, म्हणून विकणाऱ्याने ‘खराब माल’ म्हणत जवळजवळ चांदीच्याच भावात दिला. बँकेत उभी नोकरी कॅश काउंटरवर गेली, त्यामुळे नाणं बोटांना कळतं. डोळ्यांना मात्र अरबी लिपी कळत नाही. ती वाचणारे एक जुने स्नेही बोम्मसंद्र्याला राहतात. मूळचे बीदरकडचे, घरात मराठी, बाहेर कानडी, आणि पोटापाण्याला यंत्रांचे सुटे भाग तपासण्याचं काम.

हा रेल्वेप्रवास नाणी जमवणाऱ्याने एकदा तरी खिडकीत बसून करावा. संध्याकाळी कलबुर्गी आलं. बहमनी सुलतानांचं अहसनाबाद ते हेच. १३४७ मध्ये अल्लाउद्दीन हसन बहमनशहा दौलताबादला गादीवर बसला आणि राजधानी इथे हलवली. फलाटावरचा चहा पिताना पुडी उगाच चाचपली; टंका माहेरी आल्यासारखा वाटला. पुढे वाडी, मग कृष्णेचा पूल, रायचूर, तुंगभद्रा. या दोन नद्यांमधल्या दुआबासाठी बहमनी आणि विजयनगर पिढ्यान्‌पिढ्या भांडले. ढोबळमानाने वर चांदीचा टंका, खाली सोन्याचा होन. अंधारात पुलाचा खडखडाट ऐकला आणि मनाशी म्हटलं, इथे पैसा बदलला.

सकाळी बंगळूरला उतरून मॅजेस्टिकहून हिरवी मेट्रो, आर. व्ही. रोडला बदलून पिवळी. या पिवळीचं उद्घाटन १० ऑगस्ट २०२५ ला झालं. त्याआधी सिल्क बोर्डच्या चौकातच अर्धा दिवस जायचा. बोम्मसंद्रा शेवटचं स्टेशन. ‘संद्रा’ म्हणजे समुद्र, आणि इकडे समुद्र म्हणजे गावाचं तळं. स्टेशनवरून मला दिसल्या त्या शेड, कंटेनर आणि पाळी सुटून टपरीवर उभी असलेली माणसं.

स्नेह्यांनी चहाच्या आधी वजनाचा काटा बाहेर काढला. पुडी उघडली, नाणं कडेने धरलं आणि पहिला प्रश्न, “अहो, घासलं नाहीत ना?”

घासलं नव्हतं. घासण्याच्या बेतात मात्र होतो. दिवाळीत देवाच्या चांदीबरोबर तेही दंतमंजनाखाली जाता जाता वाचलं.

काट्यावर आकडा स्थिरावला: १०.९४ ग्रॅम. तोळ्याला थोडं कमी. तेराव्या शतकात इल्तुतमिशाने दिल्लीत जो टंका रुजवला, त्याचंच हे माप. मग भिंगाखाली त्यांनी एकेक ओळ वाचून दाखवली. एका बाजूला मुहम्मदशहा बिन बहमनशहा, म्हणजे १३५८ ते १३७५ चा दुसरा बहमनी सुलतान. दुसऱ्या बाजूला बिरुदं: युगाचा आणि काळाचा सुलतान, रहमानाच्या प्रेषिताच्या पंथाचा रक्षक. काठावरचं टाकसाळीचं नाव आणि हिजरी साल अर्धंमुर्धंच उमटलेलं. ठसा मोठा, चकती लहान. चित्र कुठेच नाही. सातव्या शतकाच्या अखेरीस खलिफा अब्द अल-मलिकने नाण्यावरचे चेहरे पुसून नुसती अक्षरं ठेवली, तो शिरस्ता दख्खनपर्यंत आला. तिकडे अशाच नुसत्या अक्षरांचे चांदीचे दिरहम व्यापाऱ्यांच्या हातून थेट स्वीडनच्या गॉटलंड बेटावर जाऊन पुरले गेले!

“आता गंमत बघा,” ते म्हणाले. “या सुलतानाच्या नाण्यावर कलमा आणि चार खलिफांची नावं होती, असं इतिहासकार फरिश्ता लिहितो. कुठे आहेत?”

नव्हती. फरिश्ता विजापूरच्या दरबारात लिहीत होता, सुमारे अडीचशे वर्षांनंतर. त्यानेच सांगितलेली दुसरी गोष्ट अधिक भयंकर आहे. विजयनगर आणि वरंगळच्या राजांच्या चिथावणीने सराफ म्हणे बहमनी नाणी वितळवत, म्हणजे बाजारात होनच चालावा. मुहम्मदशहाने ताकीद दिली आणि ऐकलं नाही म्हणून त्यांना मारून टाकलं. हे वाचलं की आपण लगेच सुलतानाची किंवा सराफांची बाजू घेतो. मला मात्र साधा हिशेब सुचतो: धातूची किंमत शिक्क्यापेक्षा जास्त झाली की नाणं मुशीत जाणारच. त्याला चिथावणी कशाला हवी?

मी काठावरचे घाव दाखवले. त्यांनी नाणं तिरपं करून उजेडात धरलं. घावाच्या आतही चांदीच, खोलवर तोच पांढरा रंग. तांब्याची लाली कुठे नाही.

“हे खराब नाही हो. सराफाची छिन्नी आहे. आत तांबं आहे का ते बघितलं, खात्री पटली आणि सोडून दिलं.”

कोणत्या शतकातला सराफ, ते घाव बघून सांगता येत नाही. पण त्याच्या हातात मूस होती, टंका होता, आणि त्याने तो वितळवला नाही. काउंटरवर नोटा उजेडात धरणाऱ्या माणसाला हा गृहस्थ अगदी जवळचा वाटला.

परतताना मेट्रोचं टोकन घेतलं. प्लॅस्टिकची हलकी चकती, दगडावर आपटली तरी नाद नाही. मुहम्मद बिन तुघलकाने चांदीऐवजी पितळ-तांब्याची नाणी चालवून बघितली, त्याची आठवण झालीच. मॅजेस्टिकला फाटकाच्या फटीत ते टाकलं, फाटकाने गिळलं आणि दार उघडलं. पलीकडे जाऊन आधी खिसा चाचपला. पुडी होती.