आधी शिडी, मग फिन्स

दिवाळीची सुट्टी लागली की मालवणच्या धक्क्यावर मराठवाड्यातल्या गाड्या दिसू लागतात. जालना, अंबड, परतूर, भोकरदनची माणसं रात्रभर प्रवास करून येतात आणि सकाळी स्कूबासाठी हजर होतात. मी मूळचा अंबड तालुक्यातला, पोहायला विहिरीत शिकलेला. आता याच किनाऱ्यावर स्कूबा शिकवतो. आमच्याकडचा माणूस पाण्यात उतरला की माझी नजर आधी त्याच्या पायांवर जाते. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला गडी दमाचा असतो, पाण्याला भीत नाही. पण तो हातांनी पाणी ओढतो आणि गुडघ्यातून पाय झाडतो. समुद्राखाली या दोन्हींचा उपयोग नाही. तिथं हात शांत ठेवायचे आणि पाय कमरेपासून हलवायचे. बाकीचं काम पायात चढवलेल्या फिन्स करतात.

फ्रेंच नौदलातले अधिकारी लुई द कॉर्लिए यांनी १९३३ साली रबरी फिन्सचं पेटंट घेतलं. अमेरिकेत त्या आणल्या ओवेन चर्चिल यांनी, १९४० च्या सुमारास. हे गृहस्थ १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये शिडाच्या नौकांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवलेले, म्हणजे पाण्याची नस ओळखणारे. कूस्तो आणि गान्यां यांचा रेग्युलेटर आला १९४३ मध्ये. पाण्याखाली मोकळा श्वास घेण्याची सोय झाली, त्याआधीच पायांची सोय झालेली होती.

फिनचं सगळं मर्म तिच्या पात्यात आहे. तेवढंच पाणी दुप्पट वेगानं मागं ढकललं तर रेटा दुप्पट मिळतो, पण शक्ती चौपट खर्च होते. म्हणून थोडं पाणी जोरात फेकण्यापेक्षा भरपूर पाणी सावकाश सारलेलं बरं. रुंद पात्याचं कारण हे. पातं फार मऊ असेल तर ते नुसतं दुमडतं आणि माणूस जागच्या जागी राहतो. फार कडक असेल तर थोड्याच वेळात पोटरीत गोळा येतो. दमलेला माणूस श्वास भराभर घेतो आणि सिलिंडर लवकर संपतो. पात्यातल्या फटी पाय परत आणताना पाण्याला वाट देतात, दोन्ही कडांच्या उभ्या पट्ट्या पाणी बाजूला निसटू देत नाहीत.

मधोमध चिरलेल्या पात्याच्या फिन्स गुडघ्याला आणि घोट्याला हलक्या पडतात, पण जागेवर वळायला, मागं सरकायला त्या कामाच्या नाहीत. जड काळ्या रबराच्या, आखूड आणि रुंद फिन्स मला स्वतःला आवडतात. बेडकासारखा पाय मारला की पाणी सरळ मागं जातं आणि तळातली वाळू उठत नाही. मालवणला याचं मोल फार, कारण इथलं पाणी आधीच गढूळ होण्याच्या बेतात असतं. एकानं तळ ढवळला की मागच्या चौघांना काही दिसत नाही. मात्र पातळ सूट घातलेल्या नवशिक्याचे पाय अशा जड फिन्सनी खाली ओढले जातात आणि पातं प्रवाळाला लागतं. त्याला हलक्याच द्याव्यात. रंग पाहून फिन्स घेऊ नका, एवढं मी प्रत्येकाला सांगतो.

खरी कसोटी होडीवर परत येताना लागते. डाइव्ह छान झालेली असते, माणूस वर येतो, होडी समोर दिसते आणि त्याला वाटतं, झालं आता. तेवढ्यात तो वाकून फिन्स काढायला लागतो. फिन्स नसल्या तर एवढा बोजा अंगावर घेऊन ओढीच्या पाण्यात पोहणं जवळजवळ अशक्य असतं, आणि होडी बघता बघता लांब जाते. आमचा तांडेल वरून ओरडत असतो, “पयली शिडी धरा, मगे फिन काढा!” सगळा नियम या एका वाक्यात आला.

इंजिन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत शिडीजवळ जायचं नाही. शिडी लाटेबरोबर वर-खाली होते, म्हणून हात लांब ठेवून धरायची. हनुवटी जवळ नेली की मार बसतो. एका हातानं शिडी घट्ट धरून दुसऱ्या हातानं एक फिन काढायची, वर द्यायची किंवा पट्टा मनगटात अडकवायचा, मग दुसरी. मास्क डोळ्यांवर आणि रेग्युलेटर तोंडात, दोन्ही पाय होडीत पडेपर्यंत. कारण पायरीवरून हात सुटला तर माणूस पुन्हा पाण्यातच जाणार. आणि कुणी चढत असताना त्याच्या खाली थांबायचं नाही. वरून पडलेला सिलिंडर कुणाला ओळखत नाही. रबरी होडीला शिडी नसेल तर क्रम उलटा: वजनाचा पट्टा आणि सिलिंडर आधी वर द्यायचे, फिन्स पायातच ठेवायच्या, कारण त्यांचाच जोर लावून काठावर चढायचं असतं.

या सगळ्याला एक चांगला उपाय आहे. मधे एकच दांडा आणि दोन्ही बाजूंना मोकळ्या टोकांच्या पायऱ्या, अशी शिडी मिळते. तिच्यावर फिन्स न काढता चढता येतं. आपल्याकडच्या होड्यांवर ती क्वचित दिसते. ती बनवायची तर जालन्यात लोखंड तापवणाऱ्या, वाकवणाऱ्या हातांची कमी नाही. रोलिंग मिलमधल्या सळया राज्यभर जातात. साधी सळई खाऱ्या पाण्यात टिकणार नाही, ३१६ ग्रेडचं स्टेनलेस लागेल. आमच्या भागातल्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्यानं हे मनावर घ्यावं, मापं मी स्वतः काढून देईन.

आणि तुम्ही यंदा स्कूबाला येणार असाल, तर पैसे भरण्याआधी होडीची शिडी पाहून घ्या. तिच्या निदान दोन-तीन पायऱ्या पाण्याखाली जायला हव्यात. जात नसतील तर दुसरी होडी बघा.