दोन ‘च’

लेखकाला पाहावं, त्याला बोलताना ऐकावं, ही हौस वाचकाला पूर्वापार आहे. पुस्तक हातात असतं, त्यातला शब्द न् शब्द आपलासा झालेला असतो, तरी हे लिहिणारा माणूस बोलतो कसा, थांबतो कुठे, स्वतःच्याच विनोदाला हसतो की नाही, हे कळावंसं वाटतं. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांची ही हौस चांगली भागली. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर हे तिघे कवितांच्या वह्या घेऊन गावोगाव हिंडले. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी कथाकथनानं मैदानं भरवली. पु. ल. देशपांड्यांनी तर ‘बटाट्याची चाळ’ एकट्यानं रंगमंचावर उभी केली. आम्ही सुरतेचे मराठी लोक या साऱ्याच्या बातम्या वाचत असू, आणि पुढच्या सुट्टीत कुणी पुण्याचा पाहुणा आला की त्याच्या तोंडून उष्टी-पाष्टी नक्कल ऐकत असू.

आमच्यापैकी बहुतेकांचं मूळ खानदेशात. धुळे, नंदुरबार, जळगाव या भागांतून ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेनं माणसं सुरतेला उतरली आणि उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा इथं गिरण्यांच्या, यंत्रमागांच्या आणि साडीबाजाराच्या आधारानं स्थिरावली. या रस्त्यावर नवापूरचं स्टेशन लागतं. त्याच्या फलाटातून राज्याची हद्द जाते. अर्धं स्टेशन महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. आमच्या घरांतल्या मराठीचंही काहीसं असंच आहे. भाजीला ‘शाक’ म्हटलं काय, वर्तमानपत्राला ‘छापं’ म्हटलं काय, कुणाला खटकत नाही. बोलण्याचं असं निभावतं. खरा प्रश्न वाचनाचा आहे.

माझ्या घरात एक लाकडी कपाट आहे. त्यात दीडशेच्या आसपास मराठी पुस्तकं आणि वडिलांनी जपलेले काही दिवाळी अंक आहेत. मुलगा मराठी बोलतो छान, पण वाचायला बसला की दोन पानांत जांभई देतो. नात तेरा वर्षांची, इंग्रजी माध्यमात शिकते. शाळेत तिला गुजराती आहे, हिंदी आहे, मराठी नाही. गुजरातेत २०२३ च्या कायद्यानं पहिली ते आठवी सर्व शाळांत गुजराती सक्तीची झाली, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. ज्या गावचं पाणी प्यायचं त्या गावची भाषा यायलाच हवी. पण त्यामुळे एक गंमत झाली. नात हिंदीमुळे देवनागरी वाचते आणि गुजरातीमुळे तिला ‘ळ’ म्हणता येतो, कारण हिंदीत नसलेला हा ‘ळ’ गुजरातीत आहे. म्हणजे मराठी वाचायची सारी सामग्री तिच्याजवळ तयार. तरीही तिनं ‘बटाट्याची चाळ’ हे नुसतं नाव वाचलं, तेव्हा ते मराठी वाटेना.

घोटाळा ‘च’मध्ये होता. या नावात ‘च’ दोनदा येतो. ‘बटाट्याची’मधला ‘ची’ टाळूला जीभ लावून म्हणायचा. ‘चाळ’मधला ‘चा’ दातांपाशी म्हणायचा. ‘चंद्र’ वेगळा, ‘चाक’ वेगळं. जगातलं ‘जग’ वेगळं आणि जगण्यातलं ‘जग’ वेगळं. अक्षर एकच, उच्चार दोन, आणि कोणता कुठे हे छापील पानावर कुठेही लिहिलेलं नसतं. आपण ते आईच्या मांडीवर शिकलो, म्हणून आपल्याला ते कधी शिकावंच लागलं नाही. हिंदी आणि गुजराती या दोन्ही भाषांत असा दुसरा ‘च’ नाही. नात सगळे ‘च’ एकाच साच्यातून काढत होती. घरात बोलताना ती ‘चाळ’ बरोबर म्हणते. छापलेला शब्द आणि बोललेला शब्द हा एकच आहे, ही गाठ मात्र तिच्या मनात कधी पडलीच नव्हती.

ती गाठ बांधायला मी व्याकरण घेऊन बसलो असतो तर पोर पळाली असती. मोबाइलवर पुलंचा आवाज लावला आणि पुस्तक तिच्या पुढ्यात उघडून ठेवलं. ओळीवर बोट ठेवून ऐकायचं, एवढंच काम. पुलं मध्येच पानावरचं सोडून देतात, भलतंच एखादं वाक्य घालतात, मग पुन्हा पानावर येतात. नातीला तो शिवणापाणीचा खेळच वाटला. “आबा, हे यात नाहीये!” असं ओरडायला मिळतं म्हणून ती ऐकू लागली आणि आपण वाचतो आहोत हे विसरून वाचू लागली.

ही सोय आमच्या दारी आली ती फार उशिरा. मुंबईला दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’सारख्या कार्यक्रमांतून लेखक पडद्यावर दिसू लागले. पण कार्यक्रम एकदा झाला की झाला. त्या वेळी आपण घरात नसलो, तर आपलं नशीब. मग कॅसेटी आल्या. त्या महाराष्ट्रातून येणाऱ्या-जाणाऱ्याकडून मागवायच्या आणि फीत अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायच्या. यूट्यूब निघालं २००५ साली, पण सामान्य माणसाच्या खिशापर्यंत पोहोचायला त्याला आणखी दहा-अकरा वर्षं लागली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, मोबाइलवरचं इंटरनेट स्वस्त झालं आणि त्यानंतर पाळी संपवून आलेला कामगारही जेवताना ताटाशेजारी फोन टेकवून मिरासदारांची गोष्ट ऐकू शकला. जुन्या मुलाखती, काव्यवाचनं, साहित्य संमेलनांतली भाषणं, सारं तिथे आहे. सुरत-भुसावळ मार्गावरच्या अमळनेरला फेब्रुवारी २०२४ मध्ये सत्त्याण्णवावं संमेलन भरलं. इथून जाणं अवघड नव्हतं, तरी ज्यांना रजा मिळाली नाही त्यांनी भाषणं फोनवर ऐकली.

आपल्यासारख्या दुभाषी मुलखातल्या माणसानं तर पुलंचे ‘रावसाहेब’ ऐकावेतच. पुलं काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात प्राध्यापक होते. तिथे भेटलेल्या या माणसाचं चित्र त्यांनी ‘गणगोत’मध्ये काढलं आहे. रावसाहेबांची मराठी कानडी वळणाची, लिंगांची अदलाबदल करणारी, शिव्यांनी सजलेली. वाचताना आपण हसतो. पण पुलंच्या तोंडून ऐकताना कळतं की ही मराठी मोडकी नाही; तिला तिचा ताल आहे, तिची ऐट आहे आणि तिच्यात माणूस पूर्ण मावतो. घरात ‘शाक’ आणि ‘छापं’ म्हणणाऱ्यांना पुण्याच्या नातेवाइकांपुढे जरा चोरट्यासारखं होतं. रावसाहेब ऐकल्यावर तो संकोच निम्मा जातो.

शेजारचे सुरती काका एकदा हे आमच्याबरोबर ऐकत बसले होते. मराठी त्यांना बरंच कळतं. ते म्हणाले, “आमचंही असंच आहे. लिहितो ‘सुरत’ आणि बोलतो ‘हुरत’.” खरंच आहे. अस्सल सुरती जिभेवर ‘स’चा ‘ह’ होतो आणि छापील गुजरातीत त्याचा मागमूस नसतो. मग मला वाटलं, याच शहरातला कवी नर्मद आपल्या कविता म्हणताना कोणता उच्चार करीत असेल? तो १८८६ साली गेला. एडिसननं फोनोग्राफ १८७७ मध्ये केला होता, पण ते यंत्र सुरतेच्या आमलीरानात कशाला येतंय! नर्मदाचं नाव आज विद्यापीठाला आहे, ग्रंथालयाला आहे. त्याचा आवाज कुणाजवळ नाही.

आमच्या गल्लीत अमळनेरकडच्या एक मावशी आहेत. त्यांना अक्षरओळख नाही. ना. धों. महानोर २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेले, तेव्हा त्यांच्या काव्यवाचनाच्या फिती फोनाफोनी फिरत होत्या. महानोर कविता वाचत नसत, जवळजवळ गात असत. मावशींनी एक फीत तीनदा लावायला सांगितली. दुसऱ्या दिवशी भालचंद्र नेमाड्यांचं एक भाषण चाललं होतं. विषय त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता, पण यावल तालुक्यातल्या सांगवीच्या या माणसाच्या बोलण्यातलं खानदेशी वळण त्यांनी लगेच ओळखलं. म्हणाल्या, “हाऊ ते आपलाच शे.” ज्ञानपीठ मिळालेला लेखक आपल्यासारखा बोलतो, हे त्यांना कुठलंही पुस्तक सांगू शकलं नसतं.

इथवर सारं गोड आहे. पण याच गोडीतून आमच्या घरात एक वाद उभा राहिला. घर बदलायचं ठरलं आहे. नवी जागा लहान आहे. मुलगा म्हणाला, “बाबा, सगळं तर आता मोबाइलवर आहे. नातही तिथेच ऐकते. मग कपाट कशाला?” तो उर्मटपणे बोलला नाही. त्याचं गणित चौरस फुटांचं होतं, आणि सुरतेतले जागेचे भाव पाहता ते चुकीचंही नव्हतं. त्यामुळे मला नीट विचार करून उत्तर द्यावं लागलं.

पहिली गोष्ट, लेखक पडद्यावर वाचतो ते दहा-वीस मिनिटं. प्रेक्षकांना रुचेल तेवढंच निवडतो, आणि ते योग्यच आहे. पण पुस्तक म्हणजे ती निवड नव्हे. दुसरी गोष्ट, तिथलं सारं आपलं नसतं. कुणा हौशी माणसानं चढवलेली फीत हक्काच्या तक्रारीवरून किंवा त्याच्याच लहरीवरून एका रात्रीत नाहीशी होते. जपून ठेवलेल्या यादीत नुसती काळी चौकट उरते. माझ्या यादीत अशा बऱ्याच आहेत. कपाटातलं पुस्तक वाळवी सोडून कुणी परत घेत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहिले, सीमेपलीकडे, आपल्यासारखेच. सभा-समारंभांपासून ते कटाक्षानं दूर राहिले आणि १९८७ साली गेले. त्यांची गोष्ट त्यांच्या आवाजात ऐकवणारी फीत मुलगा मला काढून देऊ शकला नाही. मग जी. ए. नातीला भेटायचे कसे? पानावरच. चांगला लेखक चांगला वाचतोच असंही नाही. कित्येकजण आपलीच कविता लाजत, गिळत म्हणतात. पडद्यावर जो उठून दिसतो तोच मोठा, असा समज या पोरांचा झाला, तर मराठीतला अर्धा ऐवज त्यांना कधी कळणारच नाही.

मुलानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पण पुस्तक पडून राहिलं तर त्याचाही काय उपयोग?” हा प्रश्न खोटा नाही. बहिणाबाई चौधरींचं उदाहरण मला यात दोन्ही बाजूंनी बोलताना दिसतं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या गाणी रचून म्हणत. मुलगा सोपानदेवांनी आणि एका नातेवाइकानं ती कागदावर उतरवून घेतली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. आवाज तिथल्या तिथे विरला. कागद राहिला म्हणून कविता राहिली. पण मुळात ती कविता आवाजातच जन्मली होती, आणि कुणीतरी कान देऊन बसलं होतं म्हणूनच ती कागदापर्यंत पोहोचली. साने गुरुजींची ‘श्यामची आई’सुद्धा रात्री-रात्री सांगितलेली गोष्ट म्हणूनच लिहिलेली आहे. ऐकणं आणि वाचणं यांत भांडण आपण लावलं आहे. आमच्यासारख्या घरांत तर एकाला दुसऱ्यावाचून चालणार नाही: कानानं दोन ‘च’ वेगळे करून द्यायचे आणि पुढचा रस्ता डोळ्यांनी चालायचा.

शेवटी तडजोड झाली. नव्या घरात कपाटाचा एक खण येईल, चाळीस पुस्तकांचा. बाकीची कुठे जातील हे अजून ठरलेलं नाही. इथल्या एखाद्या मराठी मंडळानं किंवा मराठी शाळेनं घेतली तर बरं. ती चाळीस कोणती, ते मात्र नातीनं ठरवायचं, अशी अट मी घातली. रोज संध्याकाळी ती चार पुस्तकं काढते, पहिलं पान मोठ्यानं वाचते, अडली की विचारते आणि एका खोक्यात किंवा दुसऱ्या खोक्यात टाकते. ‘गणगोत’ राहिलं. जी. एं.चा एक कथासंग्रह तिनं दोन दिवस कुठल्याच खोक्यात टाकला नाही. कळत नाही, पण सोडवतही नाही, असं म्हणाली. मी काही बोललो नाही. खोकी अजून उघडीच आहेत.