पाहण्यासाठी एक वेगळं भिंग

फोटो काढणारा माणूस म्हटलं की एक ठरलेली मुद्रा डोळ्यांपुढे येते. एक डोळा मिटलेला, दुसऱ्याला कॅमेरा लावलेला आणि समोरच्यावर नेम धरलेला. हल्ली ती मुद्राही जुनी झाली. आता हात लांब करून फोन उंच धरतात. ट्विन लेन्स कॅमेरा वापरणाऱ्याचं मात्र सगळंच निराळं. कॅमेरा पोटाशी, दोन्ही डोळे उघडे आणि मान खाली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, याचं काहीतरी पडलंय. प्रत्यक्षात तो समोरचंच पाहत असतो, फक्त खाली पाहून. बाळरामाने चंद्राचा हट्ट धरला तेव्हा तो त्याला आरशात दाखवला, त्यातलाच हा प्रकार. पोटात तिरपा बसवलेला एक आरसा समोरचं जग उचलतो आणि माथ्यावरच्या धूसर काचेवर आणून ठेवतो.

या कॅमेऱ्याला दोन भिंगं असतात, एकाखाली एक. खालचं भिंग फोटो घेतं. वरचं भिंग काहीच घेत नाही, ते फक्त पाहतं. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावी फ्रांके आणि हायडेके यांच्या कारखान्यातून १९२९ मध्ये रोलायफ्लेक्स बाहेर पडला आणि पुढे जगभर त्याच्या नकला झाल्या. माझा जपानी याशिका त्याच घराण्यातला. तो हातात घेतला की दर वेळी मला त्या वरच्या भिंगाचं नवल वाटतं. एवढं काचकाम, एवढं पितळ, एवढी नेमकी जुळणी, आणि सगळं कशासाठी, तर निव्वळ पाहण्यासाठी! पाहणं आणि घेणं ही दोन वेगळी कामं आहेत, असं या यंत्राच्या रचनेतच लिहून ठेवलेलं आहे. आपण एरवी ती एकात एक मिसळून टाकतो. इतकी, की घेण्याच्या घाईत पाहायचं राहून जातं.

काचेवर जे उमटतं ते दृश्य नसतंच, ते आधीच चित्र झालेलं असतं. सपाट, चौकोनी, कडांनी बांधलेलं. शिवाय डावं-उजवं उलटलेलं. नवख्या माणसाला या उलटेपणाचा फार वैताग येतो. रस्त्यावरून सायकलवाला डावीकडे चालला की काचेत तो उजवीकडे निघतो. त्याच्यामागे कॅमेरा वळवावा तर तो चौकटीतून पार निसटतो. थोड्या दिवसांनी माणूस शहाणा होतो आणि पाठलाग सोडून देतो. चौकट लावून उभा राहतो आणि गोष्टींना आपल्या पायांनी आत येऊ देतो. ओळखीची गल्ली उलटी झाली की तिची पाटी, तिचं दुकान, तिथलं आपलं येणं-जाणं हे सगळं गळून पडतं. उरतात त्या सावल्या, भिंतीचे पोत, पायऱ्यांच्या रेघा. रोजच्या गल्लीला परकं करून दाखवणं हे कवीचं काम; इथे ते एक आरसा फुकटात करतो.

चौकोनाचंही तसंच. आडवा घेऊ की उभा, हा प्रश्नच इथे निकालात निघालेला असतो. आडव्या चौकटीत नजर वाहत जाते, उभ्या चौकटीत चढते. चौकोनात तिला कुठे जायला जागा नसते, म्हणून ती थांबते. थांबलेल्या नजरेला कोपरे दिसू लागतात. कोपऱ्यातली नको असलेली बादली दिसते, खिडकीचा अर्धा कापला गेलेला गज दिसतो. मग माणूस एक पाऊल मागे सरतो, गुडघ्यात वाकतो, पुन्हा पाहतो. रचना म्हणतात ती अशी पायांनी होते.

या कॅमेऱ्यात बसणाऱ्या रोलचं नाव नुसताच एक आकडा आहे: १२०. कोडॅकने तो १९०१ मध्ये ब्राउनी नावाच्या डबा कॅमेऱ्यासाठी काढला, आणि त्याच्या बरोबरीचे बहुतेक रोल इतिहासजमा झाले तरी हा अजून टिकून आहे. साधारण ५६ मिलिमीटरचा चौकोन. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका चौकटीपेक्षा क्षेत्रफळाने साडेतीन पटींहून मोठा. म्हणून त्यात राखाडीच्या छटा दाटीवाटीने नाही, ऐसपैस बसतात. फिल्मच्या पाठीला काळा कागद, कागदावर आकडे. एका रोलमध्ये बारा फोटो, बस.

हे बारा आपल्याकडच्या एका पिढीला चांगले ठाऊक आहेत. बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा घरोघरी होता. त्याला फोकस करायची भानगड नव्हती; ऊन की ढग, एवढंच ठरवायचं आणि पाठीवरच्या लाल खिडकीत आकडा येईपर्यंत कळ फिरवायची. एकाच रोलवर गणपतीची आरास, धाकटीचं बारसं आणि दिवाळीचा किल्ला सुखाने नांदत. रोल संपायला महिने लागत आणि धुऊन आला की पहिले फोटो कधीचे यावर घरात वाद होई. ही काटकसर पैशांची होती, हे खरं. पण तिच्यापोटी नकळत एक शिस्त जन्माला आली: कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी घरातलं कुणीतरी ठरवत असे की काय ठेवण्याजोगं आहे. ही निवड म्हणजेच निर्मितीचा पहिला भाग. बाराच्या बंधनामुळे माणूस फोटो कमी काढतो, ही त्याची सर्वांत किरकोळ बाजू झाली. खरा बदल असा होतो, की तो न काढलेले फोटोही पूर्ण पाहतो. चौकट लावतो, फोकस करतो, उजेड मोजतो आणि मग ‘नाही’ म्हणून मान वर करतो. तो नाकारलेला फोटो पुढच्या फोटोत खताचं काम करतो.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे मला नीट उमगलं. तिथे तांब्याच्या भांड्यांवर अजून हाताने मठारकाम चालतं. एकाशेजारी एक ठोके पडत जातात, पत्रा कणखर होतो आणि त्याला ती खवल्यांची चकाकी येते. दुकानात उजेड दाराएवढाच. मीटर सांगत होता, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवूनही शटर सेकंदाचा तिसावा भाग. एवढ्या वेळात हातोडी धुरकट होणार हे नक्की. मी खाली मान घालून काचेत पाहत राहिलो. भट्टीशेजारी बसलेले काका शेवटी न राहवून म्हणाले, “अहो, फोटो आमचा काढताय ना? मग बघताय कुठं खाली?”

मी कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी वाकून काचेत पाहिलं. समोर त्यांचा मुलगा घागर ठोकत बसला होता.

“च्यायला, पोरगा डावखुरा केलात की हो!” ते हसले. मग बराच वेळ वाकूनच राहिले. रोजचं दुकान होतं, रोजचा मुलगा होता, तरी बघतच राहिले.

पुढची गोष्ट त्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजाने शिकवली. ठोक्यांना ताल होता. हातोडी वर जाते आणि खाली यायच्या आधी, अगदी माथ्यावर, क्षणभर ठरते. वर फेकलेली कुठलीही वस्तू ठरते तशीच. तिथे शटर उघडलं तर तिसावा भागही पुरतो. तो क्षण डोळ्यांनी पकडू म्हटलं तर उशीर होतो. तो कानांनी मोजावा लागतो: ठोका, ठोका, आणि त्यांच्या मधला आ वासलेला अवकाश. मी फोटो काढण्यासाठी ऐकायला बसलो होतो. जलद कॅमेऱ्याने सेकंदाला वीस चौकटी घेतल्या असत्या आणि त्यातली एक बरोबर निघाली असती. पण मठारकामाला ताल असतो हे मला कळलं नसतं. यंत्राची एखादी उणीव दुसऱ्या इंद्रियाला कामाला लावते, आणि कल्पकता बहुधा या उसनवारीतूनच येते.

१२० चा रोल वापरणाऱ्या घराण्यातला दुसरा मोठा माणूस स्वीडनचा. व्हिक्टर हॅसलब्लाड यांच्या कंपनीने १९५७ मध्ये बाजारात आणलेल्या ५००सी या कॅमेऱ्यात भिंग एकच. शटर दाबलं की आरसा वर उडतो आणि तिथेच राहतो; कळ फिरवेपर्यंत काच काळीकुट्ट. ज्या क्षणाचा फोटो निघाला नेमका तोच काढणाऱ्याला दिसत नाही, आणि हा अंधार त्याला स्वतःच्या हाताने दूर करावा लागतो. दर चौकटीनंतर पडदा पडण्याची ही सोय मला फार आवडते. झालं ते झालं, आता नव्याने पाहा, असं कॅमेरा बजावतो.

याच कॅमेऱ्याच्या भावंडांनी चंद्र पाहिला. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ चंद्राभोवती फिरत होतं आणि अंतराळवीरांना नेमून दिलेलं काम चंद्राच्या पृष्ठभागाचे फोटो घेण्याचं होतं. चंद्राच्या कडेवरून पृथ्वी उगवताना दिसली तेव्हा विल्यम अँडर्स यांच्या हातातल्या हॅसलब्लाडमध्ये कृष्णधवल फिल्म होती. एक फोटो तसाच घेऊन त्यांनी घाईघाईने रंगीत फिल्मचं मॅगझिन मागितलं, चढवलं, आणि आपल्या ग्रहाचा तो निळा फोटो जन्माला आला. कामाच्या यादीत तो नव्हता. यादीबाहेरचं दिसणं आणि त्यासाठी काही सेकंदांत हातातली फिल्म बदलावीशी वाटणं, याला मी प्रतिभा म्हणेन. पुढच्या वर्षी चंद्रावर उतरलेल्यांनी छातीवर बसवलेल्या हॅसलब्लाडने फोटो घेतले. परतताना वजन कमी करायचं म्हणून कॅमेरा तिथेच ठेवला आणि फिल्म तेवढी आणली.

आपल्याकडे पाहिलं तर होमाई व्यारावाला आठवतात. नवसारीत जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांच्या कॅमेऱ्यांत रोलायफ्लेक्सही होता. पोटाशी धरलेल्या कॅमेऱ्यातून माणूस किंचित खालून दिसतो, म्हणून ताठ दिसतो. आणि समोरच्याच्या तोंडावर यंत्र रोखलेलं नसल्याने तो अवघडत नाही. नमस्कारात मान झुकते तशी इथे फोटोग्राफरची झुकते, हा अदबीचा भाग. नव्या छायाचित्रकारांची वागणूक रुचेना म्हणून होमाईंनी १९७० मध्ये हे काम सोडलं. पाहण्यालाही रीतभात असते, हे त्यांनी कॅमेरा खाली ठेवून सांगितलं.

छायाचित्रकार दयानिता सिंग यांनी हॅसलब्लाडच्या चौकोनांतून निराळीच वाट काढली. रोलचे सगळे फोटो एकाच कागदावर लहान लहान छापून येतात, त्याला कॉन्टॅक्ट शीट म्हणतात. बाकीचे लोक त्यातून एक निवडून मोठा करतात. त्यांनी ते लहान चौकोन लहानच ठेवून घडीच्या वह्या केल्या, मित्रांसाठी, पत्रासारख्या. त्यांतूनच २००८ मध्ये ‘सेंट अ लेटर’ हा सात छोट्या पुस्तकांचा संच आला. २०२२ चा हॅसलब्लाड पुरस्कार त्यांना मिळाला. बारा चौकोन एका रांगेत लागले की त्यांच्यात गोष्ट सुरू होते, हे ओळखायला कॉन्टॅक्ट शीट रोज हातात यावी लागते.

उरतं ते धुणं. फिल्म टाकीत चढवताना लाल दिवाही चालत नाही. पूर्ण काळोखात बोटांनी फिल्मची कड शोधायची आणि चक्रीच्या खाचेत सरकवायची. मग डेव्हलपर, मग हायपो, मग वाहतं पाणी. फोटो काढल्यापासून इथपर्यंत कधी आठवडे गेलेले असतात आणि तेवढा काळ तो फोटो फक्त मनात असतो. मन त्याला गप्प बसू देत नाही. तिथे सावली जरा वाढवतं, इथला माणूस जरा सरकवतं. निगेटिव्ह हातात येते तेव्हा मनातला फोटो आणि हातातला फोटो समोरासमोर उभे राहतात. त्यांच्यातल्या अंतराइतका चांगला शिक्षक मला भेटलेला नाही. काढल्या काढल्या पडद्यावर दिसलेल्या फोटोला हे अंतरच मिळत नाही.

शिकागोत मुलं सांभाळण्याचं काम करणाऱ्या व्हिव्हियन मायर २००९ मध्ये वारल्या; त्यांचे शेकडो रोल न धुतलेलेच राहिले होते. गळ्यात रोलायफ्लेक्स अडकवून त्या वर्षानुवर्षं रस्त्याने हिंडत, दुकानांच्या काचांत स्वतःचं प्रतिबिंब टिपत आणि ते कुणाला दाखवत नसत. त्यांनी असं का केलं, यावर बरंच लिहिलं गेलं आहे. मला वाटतं, त्यांचं काम वरच्या भिंगापाशीच पूर्ण होत असावं.

आता रोल महाग झाला. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कधीच बंद पडला. धुऊन देणारे स्टुडिओ शोधावे लागतात. शिवाय जुन्या यंत्रांच्या हौसेत मिरवण्याचा भागही असतोच. गळ्यात याशिका अडकवला म्हणून कुणी कलावंत होत नाही. कॅमेरा प्रतिभा देत नाही. प्रतिभेला आळशी करणाऱ्या सोयी तेवढ्या तो काढून घेतो, आणि मग आपल्याकडे मुळात किती होती ते आपल्याला कळतं. हे कळणं नेहमी सुखाचं नसतं, पण उपयोगाचं असतं.

तुमच्या माळ्यावर, आजोबांच्या कपाटात असा एखादा क्लिक थ्री किंवा याशिका पडला असेल. तो दिवाणखान्यात शोभेला मांडू नका आणि भंगारातही देऊ नका. शटर दाबून पाहा. उघडझाप होत असेल तर कॅमेरा बहुधा चालू आहे. १२० चा रोल आजही बनतो आणि मिळतो. एक भरा, आणि तो संपवायची घाई करू नका.